रेघेवरचा पाय

आमच्या मोटार कारखान्याच्या टेस्ट सेलमध्ये, म्हणजे गाड्या तपासायच्या खोलीत, एक बाई चौदा वर्षं गाडी चालवत होती, आणि त्या चौदा वर्षांत तिची गाडी जागची हलली नाही. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो आल्यागेल्याला सांगायचा, "आमची ही रोज गाडी चालवते आणि कुठेच पोहोचत नाही. मी मात्र खुर्चीत बसून जग फिरून येतो." ती हे दर वेळी ऐकून घ्यायची आणि दर वेळी तेवढंच हसायची.

खोली अशी होती. जमिनीत जाडजूड पोलादी रोलर बसवलेले. गाडीची पुढची चाकं त्यांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळून बांधायची, बॉनेटसमोर माणसाएवढा पंखा लावायचा आणि मागे धुराच्या नळीला एक जाड पाइप जोडायचा. तो पाइप भिंतीतून माझ्या खोलीत यायचा. चाकं फिरली की रोलर फिरायचे, रस्त्यावर वाऱ्याचा आणि वजनाचा जो जोर लागतो तो रोलरच लावायचे, आणि गाडी ऐंशीच्या वेगाने तिथल्या तिथे पळायची. ड्रायव्हरसमोर एक स्क्रीन टांगलेला. त्यावर अर्ध्या तासाची एक रेघ सरकत यायची. इथे सुटायचं, इथे पन्नासला जायचं, इथे थांबायचं. त्या रेघेच्या वर आणि खाली दोन फिक्या रेघा. आपल्या वेगाचा ठिपका त्या दोघींच्या मध्ये ठेवायचा. ठिपका बाहेर गेला की टेस्ट बाद. मग पुन्हा करायची तर दुसऱ्या दिवशी, कारण इंजिन पूर्ण गार होऊन तेवीस अंशांवर यावं लागतं, आणि त्याला बारा तास लागतात.

मी काचेच्या अलीकडे बसायचो. धुरातले वायू मोजणं हे माझं काम. धुरातल्या कार्बनवरून पेट्रोल किती जळलं तेही माझ्याच टेबलावर निघायचं, त्यामुळे इंजिन कसं आहे हे इंजिन बनवणाऱ्यांच्या आधी मला कळायचं. सगळे मला धूरभाऊ म्हणायचे.

ती आमच्याकडे आली सीट कव्हरच्या विभागातून. तिथे ती सहा वर्षं मोटारवर चालणाऱ्या शिलाई मशीनवर बसली होती. ती मशीनं घरच्यासारखी नसतात. पायाखालची पट्टी जरा जास्त दाबली तर सुई डोळ्याचं पातं लवायच्या आत वीतभर पुढे जाते, आणि चामड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. वळणावर एकेक टाका पायानेच मोजून घालावा लागतो. आमचा एक ड्रायव्हर नोकरी सोडून गेला तेव्हा साहेबांनी कारखान्यातच नोटीस लावली की ज्याच्याकडे लायसन आहे त्याने येऊन बघावं. अकरा जण आले. त्यांत ट्रक चालवणारे होते, शर्यतीत भाग घेतलेला एक होता. ट्रकवाल्यांनी रेघ सहा-सात वेळा सोडली. शर्यतवाल्याची मोजदाद आम्ही मध्येच थांबवली. हिने अर्ध्या तासात एकदाही सोडली नाही. उतरल्यावर म्हणाली, "हे तर कडेची शिलाई मारण्यासारखंच आहे." तेव्हापासून ती रेघताई झाली.

तर मी सांगतोय ती गोष्ट नव्या नियमांच्या वेळची. नियम येणार हे कधीपासून माहीत होतं, पण तारीख जाहीर झाली तेव्हा हातात चौदा महिने होते. एका लिटरमध्ये गाडी आधीपेक्षा बरीच जास्त चालली पाहिजे. धुरातले वायू कमी झाले पाहिजेत. आणि काजळीचे कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते आता एकेक करून मोजले जाणार. शिवाय टेस्ट सेलमध्ये पास झालेली गाडी नंतर खऱ्या रस्त्यावर नेऊन, मागे मोजायचं यंत्र बांधून, पुन्हा तपासली जाणार. कोण चालवेल, कसं चालवेल, याचा काही नेम नाही.

कंपनीने त्यासाठी नवं इंजिन केलं होतं. तीनच सिलिंडरचं, लहानसं, पण टर्बो लावून, म्हणजे आत जोराने हवा कोंबून, मोठ्या इंजिनाचं काम करणारं. पेट्रोल बाहेरच्या नळीत हवेशी मिसळून आत पाठवायच्या ऐवजी थेट सिलिंडरमध्ये फवारायचं. कुठल्या क्षणी किती फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, याचे मोठमोठे तक्ते असतात आणि त्यांना इंजिनवाले नकाशे म्हणतात. आमच्याकडे हे नकाशे बनवणारा माणूस म्हणजे नकाशेबुवा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, शर्टाच्या खिशात नेहमी दोन चष्मे. आठ महिने त्याने या इंजिनाशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं.

पहिल्या पूर्ण टेस्टला अर्थातच रेघताई बसली. आकडे आले ते बघून मी माझी उपकरणं पुन्हा तपासली, कारण मला ते खरे वाटेनात. मायलेज नियमापेक्षा चांगलं. कण मर्यादेच्या साठ टक्के. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच आकडे. साहेब खाली आले, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "या बाईचा पायगुणच चांगला आहे. सरकारी निरीक्षकांसमोरची शेवटची टेस्ट हीच करेल, ठरलं."

बाकीचे हसले. रेघताई कपातल्या चहाकडे बघत होती.

त्याच आठवड्यात आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरने तीच गाडी चालवली. त्याला आम्ही हातोडा म्हणायचो. माणूस गोड, पण पाय जड. त्याचे कण मर्यादेच्या जेमतेम आत आले. साहेब म्हणाले, "हातोडा आहे, दुसरं काय." आणि विषय संपला.

पण तिच्या लेखी तो संपला नव्हता. दोन दिवसांनी गाडीचे पट्टे सोडता सोडता ती मला म्हणाली, "धूरभाऊ, एक सांगू? हे इंजिन माझ्यामुळे पास होतंय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं नाही. पायगुण माझा आहे, इंजिनाचा नाही." तिने पट्टा खाली ठेवला. "गार असताना पहिल्यांदा सुटते ना, तेव्हा पायाखाली एक अडखळ लागते. अगदी बारीक. मी काय करते, तिथे पाय केसभर मागे घेते, ती अडखळ जाऊ देते आणि मग दाबते. हे मी मुद्दाम करत नव्हते. पायच करत होता. परवा हातोड्याचे आकडे बघितले तेव्हा लक्षात आलं की मी इंजिनाला सांभाळून घेतेय."

"असं किती ठिकाणी होतं?"

"पहिल्या चार मिनिटांत नऊ ठिकाणी. मी मोजलंय."

मी चौदा वर्षं तिच्या धुराकडे बघत होतो. ती उगाच काही बोलत नाही हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, नकाशेबुवांना सांगा.

तिने सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो. नकाशेबुवांनी ऐकून घेतलं, एक चष्मा काढून दुसरा लावला आणि म्हणाले, "ताई, पाय स्थिर असणं हा काही गुन्हा नाही. टेस्टचे नियम पाळूनच तुम्ही चालवता."

"हो, पण गाडीबरोबर माझा पाय देणार आहात का तुम्ही?"

नकाशेबुवांना ते लागलं. त्यांचा चेहरा पडला आणि ते तसेच उठून गेले. मला वाटलं, झालं, आता दोघं वर्षभर बोलायचे नाहीत.

आता तिच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या सदुसष्ट वर्षांच्या. नवरा गेल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, सुनेकडून गाडी शिकल्या होत्या. शिकवणारी आमच्याकडची सर्वांत स्थिर पायाची बाई, पण शिकणारीने त्यातलं काहीही घेतलं नव्हतं. पायपेटी वाजवावी तशा त्या ऍक्सिलरेटर दाबायच्या. दाबला, सोडला, दाबला, सोडला. आणि जायच्या कुठे, तर दीड किलोमीटरवर मैत्रिणीकडे, दोन किलोमीटरवर गुडघ्याच्या व्यायामाला, कोपऱ्यावरच्या वाचनालयात. इंजिन गरम होईपर्यंत त्यांची गाडी परत दारात लागलेली असायची.

रेघताईने टेस्ट सेलमधून एक काडेपेटीएवढं यंत्र परवानगीने घरी नेलं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की पाय किती दाबला जातो हे प्रत्येक क्षणी नोंदवतं. सासूबाईंना ते दिसलंच.

"हे काय लावतेस?"

"नोंद घ्यायची आहे, आई. पंधरा दिवस."

"माझं ड्रायव्हिंग तपासायला आणलंस का?"

"नाही. आमचं इंजिन तपासायला. तुम्ही जशा चालवता तशाच चालवा."

"म्हणजे कशी?"

पेच होता. रेघताई म्हणाली, "नेहमीसारखी."

सासूबाईंनी वाकून त्या यंत्राला एकदा बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "मला काय कळत नाही का? तुमच्या लेखी मी वाईट चालवते. बरोबर?"

"वाईट नाही, आई. जग चालवतं तशी चालवता. जगासारखं चालवणारं आमच्याकडे कोणी नाही, सगळे माझ्यासारखे आहेत."

हे त्यांना पटलं की आवडलं, माहीत नाही. पण पंधरा दिवस त्या जास्तीच्या दोन-चार फेऱ्याही मारून आल्या. वाचनालयातलं एकच पुस्तक बदलायला तीनदा गेल्याचं भूगोलाच्या मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

नोंदी घेऊन ती सरळ साहेबांकडे गेली. मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून.

"साहेब, मला एक टेस्ट हवी आहे. पूर्ण, गार इंजिनापासून."

"कशासाठी?"

"मी जशी चालवते तशी नाही चालवणार. रेघेच्या आतच राहीन, पण पाय असा ठेवीन." तिने सासूबाईंच्या नोंदीचा कागद पुढे केला. त्यावर करवतीच्या दात्यांसारखे चढ-उतार होते.

साहेबांनी कागद बघितला. "चांगलं चाललेलं बिघडवायचं आहे का आपल्याला? रोलर दोन महिने पुढपर्यंत भरलेले आहेत."

"इथे बिघडलं तर आपल्यालाच कळेल. रस्त्यावर बिघडलं तर सगळ्यांना कळेल."

साहेब कडक होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी वही उघडली, गुरुवारच्या एका टेस्टवर काट मारली आणि म्हणाले, "एकच."

मग अडचण अशी आली की तिला वाईट चालवता येईना. सराव म्हणून गरम गाडी घेऊन ती तीनदा बसली. कागद समोर चिकटवलेला. पण पायाला वीस वर्षांची सवय. ती धसका द्यायला जायची आणि पाय तो धसका आपोआप गुळगुळीत करून टाकायचा. नोंदीत दाते उमटतच नव्हते. ती वैतागून खाली उतरली. एखाद्या गवयाला मुद्दाम बेसूर गायला सांगावं तसं तिचं झालं होतं.

बुधवारी ती एक पिशवी घेऊन आली. तिच्यात सासूबाईंचे जाड तळाचे बूट होते, तिच्या पायाला दोन नंबर मोठे. "यांतून काही कळतच नाही खाली काय आहे ते," ती म्हणाली आणि खूश दिसली. त्या बुटांत तिने दुपारभर सराव केला. संध्याकाळपर्यंत कागदावरचे दाते आणि तिचे दाते एकमेकांवर ठेवले तर जुळत होते.

गुरुवारी सकाळी गाडी इंजिन चालू न करता ढकलत रोलरवर आणली. साहेब काचेपाशी उभे राहिले. नकाशेबुवाही आले, पण मागे, दाराजवळ. रेघताईने किल्ली फिरवली. रेघ सरकू लागली.

पहिल्या सुटण्यालाच माझ्यासमोरचा कणमोजणीचा आकडा असा उडाला की मी नकळत खुर्ची मागे सारली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला जरा कमी. चार मिनिटांत तिच्या नेहमीच्या अख्ख्या टेस्टमध्ये जेवढे कण निघायचे त्याच्या दुप्पट निघून गेले होते. नंतर इंजिन गरम झालं तसा आकडा खाली आला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. अर्ध्या तासाने मी बेरीज काढली. कण मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोन पट. पेट्रोल सात टक्के जास्त.

साहेबांनी विचारलं, "रेघ कुठे सोडली?"

मी नोंद दाखवली. "एकदाही नाही. टेस्ट नियमाने वैध आहे."

खोलीतला पंखा बंद झाल्यावर जी शांतता होते ती तशीही मोठी असते, त्या दिवशी जरा जास्तच वाटली. नकाशेबुवा दारातून कधी गेले ते कळलं नाही. रेघताई बूट हातात घेऊन मोज्यांवरच बाहेर आली आणि आकडा बघून फक्त म्हणाली, "हं."

साहेब म्हणाले, "आपण धुराच्या नळीत फिल्टर बसवू. कण अडतील."

ते जरा घाईचंच होतं. त्यांनाही ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी नकाशेबुवांनी मीटिंगमध्ये, रात्रभर झोप न लागलेल्या चेहऱ्याने पण शांतपणे सांगितलं, "अडतील साहेब. पण इंजिनाला श्वास सोडायला जोर लावावा लागेल आणि कमावलेलं मायलेज त्या जाळीत जाईल. आधी काजळी का होते ते बघू. मला सहा आठवडे द्या. आणि ताईंना द्या."

साहेबांनी सहा आठवडे दिले, आणि मीटिंग संपल्यावर नकाशेबुवा वही घेऊन रेघताईसमोर येऊन बसले. "कुठे कुठे अडखळतं ते सांगा. सेकंदासकट."

तिने सांगितलं. अकराव्या सेकंदाला, एकोणपन्नासाव्याला, अशी नऊ ठिकाणं. नकाशेबुवा लिहीत गेले. शेवटी वही मिटत म्हणाले, "त्या दिवशी मी तसाच उठून गेलो. तुमचं बरोबर होतं, म्हणूनच राग आला."

"मीही जरा टोचूनच बोलले."

"सवय आहे तुम्हाला टोचायची. शिलाई विभागातल्या ना." हा नकाशेबुवांचा मी ऐकलेला पहिला विनोद.

पुढचे सहा आठवडे ते दोघं त्या बांधलेल्या गाडीत शेजारी शेजारी बसले. ती बूट घालून चालवायची, ते मांडीवर लॅपटॉप घेऊन. ती नुसतं "आता" म्हणायची आणि ते त्या जागी खूण करायचे. मी काचेपलीकडून आकडे ओरडायचो. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं की तीन माणसं एका न हलणाऱ्या गाडीशी भांडतायत.

गोम अशी निघाली. गार इंजिनात पिस्टनही गार असतो. कोणी एकदम पाय दाबला की एका दमात भरपूर पेट्रोल फवारलं जायचं आणि त्यातलं काही पिस्टनच्या माथ्यावर पडून ओलंच राहायचं. ते नीट न जळता त्याची काजळी व्हायची. त्यातून अडखळ यायची, आणि ती झाकायला नकाशेबुवांनीच मागे कधीतरी नकाशात थोडं जास्तीचं पेट्रोल घातलं होतं. म्हणजे काजळीत आणखी भर, आणि मायलेज जायचं तेही तिथेच.

उपाय ऐकायला सोपा होता. एका मोठ्या फवाऱ्याऐवजी तीन लहान मारायचे. रेघताई म्हणाली, "म्हणजे शिलाई सुरू करताना आधी दोन-तीन बारीक टाके धरतात, तसं."

"तसंच," नकाशेबुवा म्हणाले. "फक्त माझे टाके चुकीच्या जागी पडतायत."

आणि खरंच पडत होते. पहिले तीन आठवडे काहीही केलं तरी एक सुधारायचं आणि दुसरं बिघडायचं. कण कमी झाले तर अडखळ वाढली. अडखळ गेली तर पेट्रोल वाढलं. एकदा सगळंच जमलं आणि इंजिन थंडीत चालूच होईना. रोज एकच गार टेस्ट मिळायची, त्यामुळे चूक कळायला एक दिवस आणि सुधारायला दुसरा. नकाशेबुवांनी दोन वेळा हात टेकले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "उद्याची गाडी गार व्हायला ठेवून देऊ, मग घरी जाऊ." आणि ठेवून दिली.

चौथ्या आठवड्यात तिच्याच एका बोलण्यावरून वाट सापडली. ती म्हणाली, "अकराव्या सेकंदाची अडखळ आता लागत नाही, पण तिच्या आधी एक क्षण जोर गेल्यासारखं वाटतं. पाय रिकाम्या जागेत पडल्यासारखा." नकाशेबुवांनी आकडे उलगडून बघितले. पेट्रोल पोहोचत होतं वेळेवर, पण टर्बोकडून हवा यायला उशीर होत होता आणि पहिला फवारा हवेची वाट न बघता निघून जात होता. त्यांनी तो पहिला फवारा पिस्टन आणखी खाली गेल्यावर मारायचं ठरवलं, आणि पाय कितीही जोरात पडला तरी हवा येईल तेवढंच पेट्रोल द्यायचं. झाकायला घातलेलं जास्तीचं पेट्रोल पूर्ण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती बूट घालून बसली, पायपेटी वाजवली आणि माझ्या समोरचा आकडा उडालाच नाही. थोडा उचलला गेला आणि बसला. कण मर्यादेच्या बावन्न टक्के. मायलेज पहिल्या टेस्टपेक्षाही जरा वर.

मी आकडे दोनदा तपासले आणि काचेवर टकटक केली. नकाशेबुवांनी तिथूनच विचारलं, "किती?" मी बोटांनी पाच आणि दोन दाखवले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, दुसरा चष्मा लावला आणि परत विचारलं, "किती?"

रस्त्यावरची चाचणी निरीक्षकांआधी आम्ही स्वतः करून बघायची ठरवली. कोण चालवणार यावर वाद व्हायचं कारण नव्हतं, तरी साहेब अडले. "बाहेरची व्यक्ती, कंपनीची गाडी, कसं जमायचं?" रेघताईने दोन पानी फॉर्म भरून आणला होता. साहेबांनी सही केली.

सासूबाई ठरलेल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, पर्स घेऊन आल्या. गाडीच्या मागे मोजायची पेटी बांधलेली, नळ्या लोंबणाऱ्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिला दवाखान्यात नेतोय का आपण?" रेघताई पुढे शेजारी बसली. ती काहीही बोलणार नाही असं ठरलं होतं. मी आणि नकाशेबुवा मागे.

पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. क्लच. सासूबाईंनी मागे हॉर्न वाजवणाऱ्याला आरशातून समजावलं, "थांब रे बाबा, घाई असेल तर वरून जा." पुन्हा सुटलो. बाजारातून, शाळेवरून, चढावरून. पाय दाबला, सोडला, दाबला, सोडला. रेघताईचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत आपोआप मागेपुढे होत होता आणि ती तो दुसऱ्या पायाने दाबून धरत होती. मध्येच सासूबाईंनी आरशातून नकाशेबुवांना विचारलं की घरी कोण कोण असतं आणि स्वयंपाक कोण करतं. ते म्हणाले, मीच करतो. "मग ठीक," त्या म्हणाल्या आणि अचानक तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढू लागल्या. नकाशेबुवांनी लॅपटॉप छातीशी धरला.

दीड तासाने परत आलो. मी पेटीतले आकडे उतरवून घेतले. त्या चढावर एक वायू थोडा वाढला होता, तेवढं एक दुरुस्त करावं लागलं. बाकी सगळं आत होतं, भरपूर आत. सासूबाईंनी विचारलं, "पास झाले का मी?"

नकाशेबुवा उभे राहून म्हणाले, "तुम्ही नाही हो आई, मी पास झालो."

निरीक्षक आले त्या दिवशी रेघताईने साहेबांना सांगितलं की टेस्ट हातोडा करेल. साहेबांनी फक्त विचारलं, "खात्री आहे?" ती म्हणाली, "इंजिनाची आहे."

चौदा वर्षांत पहिल्यांदा ती टेस्ट चालू असताना काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारी उभी राहिली. हातोड्याने त्याच्या पद्धतीने गाडी चालवली. ठिपका कधी वरच्या फिक्या रेघेला घासत होता, कधी खालच्या. दर वेळी ती ओठ घट्ट मिटायची. पण नजर तिची ठिपक्यावर नव्हती, माझ्या आकड्यावर होती. टेस्ट संपली. निरीक्षकांनी स्वतः बेरीज केली, मग त्यांच्या सहकाऱ्याने केली. कागदावर शिक्का पडला. साहेबांनी तिच्याकडे बघून मान हलवली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप होतं.

हातोडा घामाघूम होऊन बाहेर आला आणि तिला म्हणाला, "ताई, तीनदा वाटलं रेघ गेली."

"दोनदा जवळ आला होतास," ती म्हणाली. "एकशे नव्वदाव्या सेकंदाला आणि शेवटच्या ब्रेकला. पण चांगलं चालवलंस."

त्या वर्षीच्या शेवटी साहेबांनी तिला एक नवं काम दिलं, तिनेच मागितलेलं. ती आता काडेपेटीएवढी ती यंत्रं पिशवीत घेऊन हिंडते. एका परिचारिकेच्या गाडीत, एका विमा एजंटच्या, नुकतं लायसन मिळालेल्या जुळ्या बहिणींच्या. प्रत्येकाच्या पायाची नोंद आणते आणि दर नवीन इंजिन त्या सगळ्या पायांनी चालवून बघते. नकाशेबुवा नकाशा पुरा झाला असं म्हणण्याआधी तिच्या टेबलाशी येऊन उभे राहतात. सध्या ती एका दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरच्या मागे आहे. तो सकाळच्या एका फेरीत एकशे चाळीस वेळा इंजिन बंद करतो आणि सुरू करतो, आणि यंत्र लावू द्यायला तयार नाही. त्याला वाटतं मालकाने हेरायला पाठवलंय. मी विचारलं, "मग?"

"सोमवारी त्याच्याबरोबर फेरीला जाणार आहे," ती म्हणाली. "कॅन उचलू लागेन. एक-दोन फेऱ्यांत होईल तयार."